मुक्याच्या गावातली उषाबाई

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत आयांची तोंडं उतरायची. पोरं सकाळी उठल्यापासून 'कंटाळा आला, कंटाळा आला' असा धोशा लावायची आणि दुपारी ऊन असं पेटायचं की त्यांना हाकलावं तरी कुठं. घरात ठेवलं तर घर डोक्यावर, बाहेर सोडलं तर ऊन डोक्यावर. अशा वेळी कुणी ना कुणी हमखास म्हणायचं, त्या उषाबाईचं बघा, एक खोली, दोन पोरं, अन् दिवसभर हूं की चूं न्हाई. मग सगळ्याजणी उषाबाईच्या लोखंडी दाराकडं बघायच्या. दार लोटलेलं असायचं आणि आतून खरंच काही ऐकू यायचं नाही. गल्लीला या गोष्टीचं भारी कौतुक होतं आणि उषाबाईला त्या कौतुकाचं. गरिबाच्या वाट्याला कौतुक येतंच किती, आलं की ते घट्ट धरून ठेवावंसं वाटतं.

दोन धडधाकट पोरं दिवसभर गप्प बसतात कशी, हा प्रश्न मात्र कौतुक करणाऱ्या एकीलाही पडला नाही. मोठ्यांना पोर गप्प पाहिजे असतं. ते कसं गप्प झालं याची चौकशी करायला कुणाला फुरसत आहे?

उषाबाई पिंपळगाव रेणुकाईची. माहेर शेतकऱ्याचं, माणसांनी भरलेलं, आणि सगळे मोठ्यानं बोलणारे. वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय, त्यामुळं शेजारी बसलेल्यालाही ते हाकच मारायचे. लग्न होऊन ती जालन्याला आली तेव्हा नवऱ्यानं, बद्रीनाथनं, पहिली गोष्ट सांगितली ती ही की इथं हळू बोलायचं. खोली भाड्याची होती, रामनिवास सेठच्या धान्याच्या गोदामामागची. वर पत्रे, आणि एकुलती खिडकी गोदामाच्या भिंतीकडं तोंड करून. पण हळू बोलायचं ते सेठच्या धाकानं नव्हे. बद्रीनाथच्या झोपेसाठी.

बद्रीनाथ एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कायमचा रात्रपाळीला होता. भट्टीतून निघालेली लालबुंद सळई चिमट्यानं धरायची आणि फिरत्या रोलमध्ये सारायची, हे त्याचं काम. दिवसा झोप झाली नाही तर त्या सळईपुढं उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याच्या पाळीतल्या एकाचा असाच डोळा लागला, सळई उसळली आणि त्याच्या मांडीत शिरली. बद्रीनाथनं घरी येऊन हे सांगितलं, ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडं तोंड करून पडला. त्या दिवसापासून उषाबाईच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली की नवऱ्याची झोप मोडली तर नवरा मोडेल. यात तिचं काय चुकलं? काहीच चुकलं नाही. पुढचं सगळं वाटोळं या न चुकलेल्या गोष्टीतूनच झालं.

कल्याण झाला, त्याच्या पाठीवर वंदना. तान्ही होती तोवर उषाबाईनं त्यांना पदराखाली घेऊन, सेठाणीच्या ओट्यावर नेऊन दिवस काढले. पण पोरं शाळेत जाऊ लागली आणि पहिली मोठी सुट्टी आली तेव्हा तिची परीक्षा सुरू झाली. खोलीच्या मधोमध पंख्याखाली बाप झोपलेला आणि त्याच्या चारी बाजूंनी उरलेल्या जागेत दोन पोरं. एका दुपारी कल्याणनं बँडवाला होऊन ताट वाजवलं. बद्रीनाथ उठला, त्याचे डोळे लाल झाले होते, उशाशी पाण्याचा तांब्या होता तो त्यानं फेकला. तांब्या पोराच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटला. नंतर तोच बाप डोकं धरून रडत बसला आणि पोरगा त्याच्याकडं टकामका बघत राहिला. उषाबाईनं त्या दिवशी ठरवलं की आता पोरांना कंटाळाही येऊ द्यायचा नाही आणि आवाजही येऊ द्यायचा नाही.

आणि तिनं ते करून दाखवलं, हे कबूल करायला पाहिजे. डोकं होतं बाईला. चिंचोके वाजतात म्हणून ती ते गोधडीवर खेळायला लावायची. ज्वारी, मूग आणि मठ एका परातीत कालवून द्यायची आणि पोरांनी निवडून वेगवेगळ्या वाट्यांत भरायचे. आणि सगळ्यांत वरचा खेळ म्हणजे मुक्याचं गाव. एक गाव होतं, तिथं सगळे मुके, आणि जो पहिल्यांदा बोलेल तो गावाबाहेर. बोलेल तो हरेल, टिकेल त्याला संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. त्या गावाची सगळी भाषा हातांची होती आणि ती उषाबाईनं स्वतः बसवली होती. दोन्ही तळवे गालाखाली जोडले की आबा झोपलेत. अंगठा ओठाला लावला की पाणी पाहिजे. ती हातवाऱ्यांनी गोष्टी सांगायची. माहेरचा मारका बैल, देवळातला गुरव, भांडकुदळ चुलती, सगळे त्या खोलीत एक शब्द न बोलता येऊन जायचे आणि पोरं हसायची. तोंड उघडं, खांदे हलताहेत, डोळ्यांत पाणी, आणि आवाज नाही. अशी हसणारी पोरं तुम्ही बघितली नसतील. बघूही नका.

कल्याण या गावात फार दिवस रमला नाही. एका दुपारी त्याला जाग आली आणि त्यानं बघितलं की आपण सकाळी निवडलेलं धान्य आई पुन्हा परातीत ओतून कालवतेय. त्याला फसवल्याचा असा राग आला की तो त्या परातीला पुन्हा शिवला नाही. दार उघडून गल्लीत पळायचा, ऊन खायचा, परत आला की आईच्या हातचा मार खायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायचा. उडाणटप्पू म्हणून त्याचं नाव झालं. वंदनानंही ते कालवणं बघितलं होतं. तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा निवडायला बसली, आईला वाईट वाटू नये म्हणून. त्या खेळात वंदना कधी हरली नाही. गूळ-शेंगदाणे रोज तिचेच.

एक दिवस उषाबाई सेठाणीकडं, म्हणजे लाडबाईंकडं, पापड लाटायला गेली होती. कल्याण नेहमीसारखा पळाला आणि पळताना त्यानं लोखंडी दार मागं लोटलं. दाराच्या फटीत वंदनाचं बोट होतं. उषाबाई परतली तेव्हा पोरगी कोपऱ्यात बसलेली, एक हात दुसऱ्या हातात धरलेला, बोट काळंनिळं, नख लोंबतंय. बाप पंख्याखाली घोरत होता. रडली का न्हाईस गं, असं आईनं कुजबुजत विचारलं तेव्हा पोरीनं धड असलेला तळवा गालाखाली लावून दाखवला. आबा झोपलेत.

उषाबाईनं पोरीला छातीशी धरलं, हळद भरली, चिंधी बांधली, आवाज न करता रडलीही. इथवर कुठलीही आई हेच करील. पण दुसऱ्या दिवशी पापड लाटताना तिनं ती गोष्ट ओट्यावरच्या सगळ्या बायांना सांगितली, आणि सांगताना तिचा चेहरा फुलला होता. बोट चेमटलं तरी माझ्या पोरीनं बापाची झोप मोडू दिली न्हाई. लाडबाईंनी लाटणं बाजूला ठेवून पोरीला जवळ बोलावलं, तिच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, ही पोरगी ज्या घरी जाईल ते घर तरून जाईल. वंदना साखर चाटत आईकडं बघत होती. आपण काहीतरी फार मोठं जिंकलो, असं तिला वाटलं असणार. दुसरं काय वाटणार त्या वयात?

ती गोष्ट मग गल्लीत इतक्यांदा सांगितली गेली की तिला पाय फुटले. पुढं वंदना उपवर झाली तेव्हा स्थळ आलं ते त्याच गोष्टीच्या वासानं. मुलगा धर्मराज, एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला. बाप तातेराव चार माणसांत बसणारा, गोड बोलणारा. मुलाची आई दैवशालाबाई. बघायला आले तेव्हा दैवशालाबाईंनी पोरीला नाव विचारलं, शिक्षण विचारलं आणि हसत म्हणाल्या, पोरगी लईच हळू बोलती. तेव्हा उषाबाईनं ती बोटाची गोष्ट सांगितली. तिला वाटलं, आपण आपल्या लेकीची सगळ्यांत मोलाची वस्तू पुढं ठेवतोय. दैवशालाबाईंनी वंदनाचा हात हातात घेतला, ते वाकडं वाढलेलं नख अंगठ्यानं चाचपून बघितलं आणि नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "पसंत हाये."

लग्न झालं. एमआयडीसीच्या अंगाला तिला दोन खोल्यांचं घर मिळालं, एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगेतलं. दिवाळीला यायची, आखितीला यायची. कसं चाललंय म्हटलं की बरं हाये म्हणायची. पोरगी झाली, ईश्वरी नाव ठेवलं. वाळलीस का गं म्हटलं तर हसायची. लांब बाह्यांचं पोलकं उन्हाळ्यात कशाला म्हटलं तर सासूबाईला आवडतं म्हणायची. उषाबाईनं यापुढं कधी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण कधीकधी मुठीत निखारा असतो आणि तो झाकून धरणाऱ्याचा हात जळत असतो. इतक्या जवळ राहून आईला कळलं नाही, यावर कुणी विश्वास ठेवायचा नाही. पण ज्या आईनं पोरीचं न सांगणं हाच तिचा गुण मानला, तिला कळणार कशावरून?

कळलं ते कल्याणला. तो आता टेम्पो चालवत होता आणि बियाण्याच्या गोण्या पोचवून परत येताना, वाटेतच आहे म्हणून, न सांगता बहिणीकडं उतरला. दार नुसतं लोटलेलं होतं. तो उंबऱ्यात उभा राहिला तरी क्षणभर त्याला उमगेना की आत काय चाललंय. पट्ट्याचा आवाज येत होता, माणसाचा येत नव्हता. धर्मराज मारत होता आणि वंदना भिंतीला पाठ लावून उभी होती, स्वतःचा तळहात स्वतःच्या तोंडावर दाबून. कोपऱ्यात ईश्वरी बसलेली. तिचाही हात तोंडावर. कल्याणनं मेव्हण्याला ढकललं, बहिणीला आणि भाचीला टेम्पोत घातलं आणि जुन्या जालन्यात आणून आईपुढं उभं केलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, असं आपल्याकडं म्हणतात. इथं नवऱ्याला तोंड दाबायचीसुद्धा तसदी पडली नव्हती. ते काम माहेराहूनच करून आलेलं होतं.

उषाबाईला हे लगेच कळलं नाही. तिनं धर्मराजला शिव्या घातल्या, दैवशालाबाईंना घातल्या, कडाकडा बोटं मोडली. पोरीच्या पाठीला तेल लावताना तिनं विचारलं, कधीपासून? वंदना म्हणाली, ईश्वरीच्या आधीपासून. मग सांगितलं का न्हाई, असंही उषाबाईनं विचारलं. मालिश संपल्यावर वंदनानं पोलक्याची बटणं लावली आणि चहा टाकू का, असं विचारलं.

दोन-चार दिवस गेले. मुक्कामाला आलेली पोरगी आणि तिची लेक घरात आहेत हे गल्लीला कळायलाही वेळ लागला, इतक्या त्या दोघी गुपचूप होत्या. एका दुपारी उषाबाई नळावरून पाणी घेऊन आली तर वंदना भाकरी थापत होती आणि ईश्वरी कोपऱ्यात भिंतीला टेकून, ओठ मिटून बसलेली. चार-साडेचार वर्षांचं पोर, सकाळपासून तिथंच. आजीनं हाक मारली, पोरगी बोलली नाही. ये बाई, पाणी पी, म्हटलं तर तिनं अंगठा ओठाला लावला. उषाबाईच्या हातातली कळशी तशीच राहिली. तिनं वंदनाकडं बघितलं. वंदना तव्याकडं बघत म्हणाली, "खेळून राह्यली ती. न्हाई तं कंटाळती दिवसभर."

उषाबाई नातीजवळ जाऊन बसली. तिच्या केसांवरून हात फिरवत तिनं हळूच विचारलं की हा खेळ तू घरी कवा खेळतीस? पोरीनं आधी आईकडं बघितलं. मग आजीच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "पप्पांनी पट्टा काढला की."

उषाबाई उठली, बाहेर नळावर गेली आणि नळ सोडून त्याच्यापुढं बसून राहिली. पाणी वाहून चाललंय म्हणून गोदामातल्या हमालानं ओरडून सांगितलं तरी तिला ऐकू गेलं नाही. आपण पोरीला काय शिकवलं हे तिला त्या दिवशी कळलं, आणि कळून उपयोग काय, असंही त्याच दिवशी कळलं. ज्याच्या झोपेसाठी हे सगळं केलं तो बद्रीनाथ मिलच्या धडधडाटानं कधीच बहिरा झाला होता. काम सुटलं, घरी बसला, आणि आता त्याच्या उशाशी ढोल वाजवला तरी त्याची कूस बदलत नव्हती. घर मात्र अजून कुजबुजतच होतं.

सासरचे पुढच्या रविवारी आले. भांडायला नव्हे, समजुतीनं घ्यायला आले, असं तातेरावांनी आल्या आल्याच सांगितलं. येताना धर्मराजच्या शेजारच्या राजानंदला घेऊन आले होते. लाडबाईंच्या ओट्यावर सतरंजी टाकली. रामनिवास सेठ आणि लाडबाई मध्ये, एका बाजूला ते, एका बाजूला हे. बद्रीनाथ कानामागं हात धरून ज्याचं तोंड हलेल त्याच्याकडं बघत होता. वंदना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पदर डोक्यावर. आज ती काय म्हणते, यावर सगळं होतं. परत गेली तर पुन्हा तोच पट्टा, हे उषाबाईला माहीत होतं आणि वंदनालाही.

तातेरावांनी मधात घोळवून सुरुवात केली. भांड्याला भांडं लागतं, तरुण रक्त आहे, एखाद्या वेळी हात गेला असंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पण वर्षानुवर्षं मारझोड झाली म्हणता, तर एवढ्या वर्षांत एकदा तरी आवाज आला असता का न्हाई? मग ते राजानंदकडं वळले. राजानंद साधा माणूस, शपथ घातल्यासारखा अवघडून बसला होता. तो म्हणाला, "आमची भिंतीला भिंत हाये. तिकडं कढई ठेवली तरी आमच्याकडं कळतं. खोटं कशाला बोलू, वहिनीचं वरडणं मी कवाच ऐकलं न्हाई."

आणि तो खोटं बोलत नव्हता, हेच सगळ्यांत वाईट. खोट्या साक्षीदाराला फोडता येतं, खऱ्याचं काय करायचं?

कल्याण उसळून उठला आणि डोळ्यांनी बघितलेलं सगळं त्यानं सांगितलं. पण त्याच्या बोलण्याला वजन किती? तो भाऊ, त्यात लहानपणापासूनचा दंगेखोर. सेठच त्याला म्हणाले, तू बैस रे, आवाज खाली ठेव. मग लाडबाईंनी वंदनाला जवळ बोलावलं. बेटी, तूच सांग, काय खरं हाये ते बिनधास्त सांग, म्हणाल्या. वंदनानं ओठ उघडले, आणि मिटून घेतले. उषाबाई पुटपुटत होती, बोल, माझे बाई, बोल. ती बोलली नाही. तातेराव मांडीवर हात ठेवून म्हणाले, पोरगी समजदार हाये, गप्प बसली म्हंजी कबूल हाये. लाडबाईही म्हणाल्या की घर मोडायला वेळ लागत नाही, एकदा जाऊन बघू दे. या लाडबाईंनीच त्या पोरीच्या हातावर एकदा साखर ठेवली होती. जीभ जड झाली नाही बाईची.

तेव्हा उषाबाई मध्ये येऊन उभी राहिली. ती हात जोडून म्हणाली, "तिला वरडता येत न्हाई. ती वरडली न्हाई म्हून मार न्हाई बसला, असं धरू नका. मीच येऊ दिलं न्हाई तिला वरडू. तिचा बाप झोपायचा म्हून."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असं एकदोघांच्या चेहऱ्यावर दिसलं. तातेराव हसले, वाईट हसले नाहीत, चांगलंच हसले. म्हणाले, "म्हंजी इहीनबाई, पोरगी शांत हाये असंच तुम्ही सांगून राह्यल्या. आमचं तरी दुसरं काय म्हणणं हाये?" आणि धर्मराजला त्यांनी खूण केली की ऊठ, बॅग घे.

वंदना खरंच आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. ईश्वरी तिच्या मागं. धर्मराजनं बॅगेला हात घातला आणि उषाबाई ओरडली. शब्द नव्हते त्यात. इतक्या वर्षांचं गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं आणि ते ओरडणं थांबेना. गोदामातले हमाल धावत आले, समोरच्या कापडाच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली, गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. बद्रीनाथला त्या दिवशी ऐकू गेलेली पहिली गोष्ट ती. तो घाबरून उठला आणि विचारू लागला, कोण पडलं, कुणाला लागलं? उषाबाईनं बॅग हिसकली आणि उराशी धरून ओट्यावर बसकण मारली. मग तिला शब्द फुटले, आणि ते असे होते की सेठनी कानांवर हात ठेवले. गर्दी जमल्यावर तातेरावांचा मध आटला. दैवशालाबाई चपला शोधत म्हणाल्या, असल्या कजाग बाईची पोरगी आम्हाला नकोच. गेले. बॅग राहिली, पोरगी राहिली, नात राहिली.

जिंकली म्हणायची उषाबाई. संध्याकाळी तिनं मोठ्या हौसेनं वरण फोडणीला टाकलं, लेकीला वाढलं. घसा बसला होता तरी ती बोलत होती, आता बघते कोण हात लावतंय, कल्याण वकील बघणार हाये, काही भिऊ नको. वंदना घास चिवडत होती. मग ती म्हणाली, "तुला वरडता येतं, माय."

उषाबाईला वाटलं, पोरगी कौतुक करतेय. ती म्हणाली, मंग, येतं की, आम्ही पिंपळगावची माणसं.

वंदनानं ताट सारलं. आवाज चढला नाही तिचा, तो चढायचाच नाही. ती म्हणाली, "मला एकदा तरी हरू द्यायचं होतंस. तू धान्य परत कालवायचीस ते सगळं मी बघायची. गूळ नको होता मला."

तू लहान होतीस, तुझ्या बापाचा पाय गेला असता, सळई, झोप, सगळी कारणं खरी होती आणि एकही कामाचं नव्हतं. उषाबाई लेकीच्या ताटातलं उरलेलं खात बसली. वंदनानं भांडी घासली, एकावर एक ठेवताना एकही दुसऱ्याला लागू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उषाबाईनं ईश्वरीचा हात धरला आणि तिला सेठच्या अंगणात नेलं. तिथं लाडबाईंची नातवंडं, रजत आणि शिखा, गल्लीतली दोन-तीन पोरं गोळा करून आंधळी कोशिंबीर खेळत होती. सुट्टी लागून आठवडा झालेला, मोबाइल काढून घेतलेले, त्यामुळं सगळी पिसाळलेली. हिलाही घ्या रे, म्हणून उषाबाईनं नातीला त्यांच्यात सोडलं आणि तिच्या कानात सांगितलं की हे मुक्याचं गाव न्हाई, हितं पाहिजे तेवढं वरडायचं. मग ती खोलीत येऊन दाराशी बसली आणि कान देऊन ऐकू लागली. शिखाची किंकाळी, रजतचं खिदळणं, कुणाचं तरी चिडी चिडी, सगळे आवाज येत होते. ती एकेक आवाज बाजूला काढत राहिली. पाहिजे तो सापडला नाही.

थोड्या वेळानं रजतच दारात आला, डोळ्यांवरचा रुमाल कपाळावर सरकवलेला, घामाघूम आणि वैतागलेला. म्हणाला, "आजी, हिला घेऊन जा बरं. ही कुठं उभी राह्यते ते कळतच न्हाई. धक्का लागून पडली तरी आवाज काढत न्हाई. हिच्यामुळं राज्य उतरतच न्हाई माझं."

उषाबाई बाहेर गेली. तुळशीच्या कट्ट्यामागं ईश्वरी उकिडवी बसली होती, गुडघ्याला माती, डोळे चमकताहेत. उषाबाई तिच्यापुढं बसली आणि म्हणाली, वरड बाई, एकदा जोरात वरड, आजी काही म्हणणार न्हाई. बाकीची पोरंही भोवती जमली आणि वरड, वरड म्हणून ओरडू लागली. ईश्वरीनं सगळ्यांकडं एकदा बघितलं, मग आजीकडं. हे सगळे मिळून आपल्याला हरवायला बघताहेत, एवढं तिला कळलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.